ससा, घराबाहेर पाळलेला : हिवाळ्यातली निगा (सोलापूर)

अंगणात, गच्चीवर किंवा परसात खुराड्यात ठेवलेल्या पाळीव सशाला थंडीच्या दिवसांत कोरडं, उबदार आणि खुशीत ठेवायची पद्धत. सोलापुरात हा विषय साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापुरता असतो.

नावाचा घोळ आधी सोडवायला पाहिजे, कारण निगेतल्या निम्म्या चुका तिथूनच येतात. मराठी ‘ससा’ हा संस्कृत ‘शश’पासून आला (चंद्राचं शशांक हे नाव त्यातलंच), पण हा शब्द मुळात आपल्या माळरानावरच्या रानसशाचा. बाजारात मिळतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी वेगळ्याच प्रजातीचा, शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस, मूळ गाव स्पेन-पोर्तुगालकडचं. रानससा बीळ करत नाही, गवतात नुसती खोलगट जागा करून उघड्यावर बसतो आणि त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतात. पाळीव ससा बिळातला, त्याची पिल्लं उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात. त्यामुळे ‘सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ससे थंडीत राहतातच की, याला काय होतंय’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो पण लागू पडत नाही. (रानससा धरून पाळणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.)

हा प्राणी माणसाळला कधी यावर मतभेद आहेत. बरीच वर्षं सांगितली जाणारी कथा अशी की इ.स. 600 च्या सुमारास पोपने सशाची अगदी कोवळी पिल्लं उपवासाला चालतात, ती माशात मोजा, असा हुकूम काढला आणि मग फ्रान्समधल्या मठांत ससे पाळायला लागले. 2018 मधल्या एका शोधलेखाने हा हुकूमच कुठे सापडत नाही असं दाखवलं, पोप ग्रेगरी आणि तूरचा ग्रेगरी (फ्रान्समधला बिशप आणि इतिहासकार) या दोन ग्रेगरींची सरमिसळ होऊन ही गोष्ट तयार झाली असावी. रोमन लोक त्याच्या आधीपासून ससे कुंपणात ठेवायचेच. जनुकीय पुरावा पाळीव सशाचे पूर्वज फ्रान्सच्या रानटी सशांत असल्याचं सांगतो, पण त्यातून नेमकं साल निघत नाही, आणि आजच्या बहुतेक जाती गेल्या साधारण दोनशे वर्षांतल्याच आहेत. तेव्हा एका तारखेला माणसाळला असं म्हणण्यापेक्षा हळूहळू होत गेलं हे मत जास्त पटण्यासारखं आहे. काही असो, बिळाची सवय मात्र गेलेली नाही, आणि हिवाळ्यात त्याला बिळासारखीच जागा लागते.

सोलापूरची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत रात्री सरासरी 15-16 अंश, एखाद्या लाटेत 10 च्या आसपास. निरोगी मोठ्या सशाला एवढी थंडी मानवते, उलट त्याला खरा त्रास 30 अंशांच्या वर सुरू होतो, म्हणजे वर्षातला हाच त्याचा सुखाचा काळ. खरी अडचण दुपारची. त्याच दिवसांत दुपारी पारा 29-30 पर्यंत जातो, आणि रात्री खुराड्याभोवती गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद दुपारपर्यंत तसाच राहिला की आत भट्टी होते. ससा घामाने नाही, कानांतून उष्णता टाकतो, म्हणून दुपारी कान हाताला गरम लागले आणि ससा लांब पसरून धापत असेल तर त्याला थंडी नाही, उकाडा होतोय.

दुसरा शत्रू ओल. पत्र्याचं छप्पर रात्री गार पडतं आणि पहाटे आतल्या बाजूला दव साचून थेंब खाली अंथरुणावर पडतात. सकाळी पत्र्याला आतून हात लावून बघा, बोटं ओली झाली तर वरून गोणपाट टाकायचं आणि खुराड्याला वरच्या अंगाला हवा जायला फट ठेवायची. लघवीने भिजलेलं अंथरूण रोज काढायचं, कारण त्याच्या वासानेच पुढे शिंका आणि नाक वाहणं सुरू होतं. हिवाळी वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणून तोंड दक्षिणेला, खुराडं जमिनीपासून फूटभर वर, आणि आत दीड-दोन फुटांची बंद पेटी, फार मोठी नको नाहीतर अंगाची ऊब टिकत नाही.

अंथरायला कडबा सगळ्यांकडे असतो, पण इथे एक गोम आहे. शाळू (रब्बी ज्वारी) निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे डिसेंबरात हाताला येतो तो गेल्या सालचा, एक पावसाळा खाल्लेला कडबा. गंजीतली पेंढी सोडून आपटली की काळी भुकटी उडत असेल तर ती बुरशी, ती नको. चांगल्या पेंढीतलाही फक्त पाला घ्यावा, ताटं टोचतात. कोवळी हिरवी ज्वारी खायला घालू नये, जनावरांना लागते तीच किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) सशालाही लागू शकते. यंत्रमागावरचं उरलेलं सूत फुकट मिळतं म्हणून घालतात, ते पायाला गुंडाळतं आणि पोटात जातं. सोलापुरी चादरही खुराड्यावरून टाकावी, आत नको, ससा ती कुरतडून दशा करतो. उबेसाठी आत लावलेल्या पिवळ्या बल्बचं तसंच, वायर कुरतडली की संपलं.

खाणं मुख्यतः वाळलं गवत, थंडीत थोडं जास्त, कारण ते पचताना अंगात ऊब तयार होते. ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल आणि लेंड्या थांबल्या असतील तर घरगुती उपाय न करता जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. आंघोळ कधीच घालू नये, हिवाळ्यात तर नाहीच.

मादी साधारण 31 दिवसांत विते, त्याआधी स्वतःचे केस उपटून घरटं करते, ते केस काढून टाकू नयेत.

संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेतलं (सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा) शोभेचं दारूकाम आसपासच्या वस्तीला मोठ्याने ऐकू येतं. त्या रात्री पेटीत जास्तीचा पाला घालून खुराडं घरात, निदान जिन्याखाली आणावं. ससा आवाजाला मागच्या पायांनी धपधप आपटत राहतो, मग कोपऱ्यात जाऊन दबून बसतो, आणि सकाळी पाल्यात बोगदा केलेला दिसतो.