बॉल घेऊन वळताना

भुसावळकडे मे महिन्यात पोरांचा फुटबॉलचा सराव सकाळी साडेसहालाच सुरू करावा लागतो. नऊनंतर मैदानात उभं राहवत नाही. काळी माती भाजून टणक झालेली, वर भुरभुरीत धूळ. दहा वर्षांचं पोरगं बॉल घेऊन सुसाट येतं, वळायला जातं आणि धपकन खाली बसतं. बॉल आपला सरळ पुढे.

बुटांना दोष देण्याआधी हिशेब करू. पोराचं वजन 35 किलो, वेग सेकंदाला 4 मीटर, वळणाची त्रिज्या 1 मीटर. असं वळायला जमिनीने त्याला आतल्या बाजूला 560 न्यूटनचा रेटा द्यायला हवा, म्हणजे त्याच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त. धुळीवर एवढं घर्षण येणार कुठून? वेग निम्मा केला, तर रेटा निम्मा नव्हे, पावपट लागतो: 140 न्यूटन.

बैलांना हे सांगावं लागत नाही. वखर बांधापाशी आला की चाल मंदावते, आतला बैल जवळजवळ जागीच फिरतो. पोरांनाही मी तेच सांगतो. शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाका, गुडघे वाकवा. गुरुत्वमध्य खाली आला की आत झुकता येतं.

समोरच्यालाही जडत्व असतंच. 1974 च्या विश्वचषकात हॉलंडच्या योहान क्रॉयफने स्वीडनच्या यान ऊल्सनसमोर पास देण्याचा आव आणला आणि बॉल स्वतःच्याच टेकलेल्या पायामागून ओढून उलटा वळला. ऊल्सनचं वजन तोवर भलत्या पायावर गेलं होतं. सामना 0-0 सुटला. वळण मात्र अजून शिकवलं जातं.

माझ्या मते पाय नंतरचे, आधी मान. बॉल पायाशी आल्यावर नजर खाली जाते आणि मागचा डिफेंडर दिसेनासा होतो. म्हणून बॉल वाटेत असतानाच खांद्यावरून मागे बघून घ्यायचं. सरावात मी पोराच्या पाठीमागे उभा राहून बोटं दाखवतो. पास निघाला की बाकीची पोरं ओरडतात, "मांगे देख!" त्याने वळून आकडा सांगायचा, मग बॉल घ्यायचा.

परवा एकाने "तीन" असं अगदी बरोबर सांगितलं. बॉल त्याच्या दोन्ही पायांमधून माझ्याकडे आला.