नऊशे लिटर पाणी, पाऊण किलो कोळसा

हजार वॅटची इस्त्री सलग तासभर तापली की मीटरवर एक युनिट चढतं. हे एक युनिट कोयनेतून आलं असेल तर त्यासाठी किती पाणी पडलं असेल? हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहाकडे उतरताना सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या एका लिटर पाण्यात साडेचार किलोज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा असते आणि एका युनिटमध्ये ३,६०० किलोज्यूल असतात. भागाकार करून टर्बाइन आणि जनित्रातली घट धरली की उत्तर येतं साडेआठशे ते नऊशे लिटर, म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी. तेच युनिट चंद्रपूरहून आलं असेल तर भट्टीत साधारण पाऊण किलो कोळसा जळलेला असतो.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, कोळसाच बरा. एवढंसं ढेकूळ आणि त्यात टाकीभर पाण्याचं काम! पण वीज किती मिळाली याइतकंच ती कधी मिळाली यालाही मोल आहे, आणि महाराष्ट्राच्या वीजकेंद्रांचा नकाशा मला तरी या ‘कधी’मुळेच नीट समजला.

आधी कोळशाकडे जाऊ, कारण राज्याचा मोठा भार आजही तोच वाहतो. वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे, म्हणून चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, मौदा ही मोठी केंद्रं विदर्भात एकवटली. महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचं चंद्रपूर केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. ते दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचं म्हटलं तर ४५ ते ५० हजार टन कोळसा लागेल. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं असतं. साधारण तिसरा हिस्सा राख धरली, तरी रोजची पंधरा हजार टन राख कुठे टाकायची हा प्रश्न उरतोच. सिमेंट आणि विटांमध्ये बरीच खपते, तरीही केंद्रांजवळच्या गावांना ती अंगणात आणि पिकावर दिसते.

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, साडेपाचशे अंशांच्या आसपास तापलेल्या त्या वाफेने टर्बाइन फिरवायचं आणि मग वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं. या शेवटच्या पायरीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. कोळशातल्या ऊर्जेपैकी जुन्या संचांमध्ये, म्हणजे भट्टी, टर्बाइन आणि जनित्राच्या जुन्या जोडण्यांमध्ये, जेमतेम पस्तीस टक्के आणि कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या नव्या संचांसारख्या ठिकाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज होते. उरलेल्यातली बरीचशी उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. दुरून धुरासारखे दिसणारे ते पांढरे ढग म्हणजे निव्वळ पाण्याची वाफ असते. एका युनिटमागे असं तीन-साडेतीन लिटर पाणी खर्ची पडतं. हजार मेगावॅटचं केंद्र दिवसभर चाललं तर हा खर्च सात-आठ कोटी लिटरवर जातो.

परळीने हे फार कठोरपणे शिकवलं. २०१३च्या दुष्काळात पाणीच नसल्यामुळे परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. संच होते, माणसं होती, आणि वाफ करायला पाणी नव्हतं. मराठवाड्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर फिरत असताना ते केंद्रासाठी मागणं कोणाला शोभलं असतं? समुद्रकाठच्या केंद्रांना ही चिंता नसते. तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं तेही किनाऱ्यावर. तिथे कोळशाच्या भट्टीची जागा युरेनियमच्या विखंडनाने घेतली, एवढाच मूळ फरक. वाफ, टर्बाइन आणि थंड करायला पाणी हा क्रम तोच.

विदर्भात वीज तयार होते, पण तिचा सर्वांत मोठा ग्राहक पश्चिमेकडे मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात बसलेला आहे. यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश (डीसी) वाहिनी १९९९पासून उभी आहे. ती दीड हजार मेगावॅट वाहून नेते. एवढ्या लांबवर एकदिश प्रवाहात वीजगळती कमी होते, म्हणून दोन्ही टोकांना रूपांतराची अवजड यंत्रणा बसवणंही परवडतं.

कोळशाच्या संचाचा स्वभाव मात्र बैलगाडीसारखा आहे. एकदा चालू लागला की संथ, अखंड ओढत राहतो. पूर्ण थंड पडलेला संच पुन्हा वेगात आणायला कित्येक तास लागतात. आणि आपली मागणी तशी संथ नाही. संध्याकाळी दिवे, पंखे, एसी, लिफ्ट आणि लोकल एकाच वेळी वीज मागतात. विजेच्या तारांच्या जाळ्यातली वारंवारता दर सेकंदाला ५० आवर्तनांच्या अगदी जवळ राहायला हवी. मागणी वाढली आणि पुरवठा तिथेच राहिला तर राज्यातलं आणि देशातलं प्रत्येक जनित्र किंचित मंदावतं. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातली माणसं चोवीस तास हाच तोल सांभाळत असतात. तेव्हा त्यांच्या हाताशी काय असतं? कोयना. पाण्याची झडप उघडली की काही मिनिटांत शेकडो मेगावॅट जाळ्यात येतात.

कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट होतात. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलं आहे. सगळी जनित्रं रात्रंदिवस पूर्ण ताकदीने फिरवली तर हे वर्षभराचं पाणी दोनेक महिन्यांतच संपून जाईल. म्हणजे कोयना ही रोज पोट भरण्याची भाकरी नव्हे. ती अडीनडीची शिदोरी आहे, आणि अभियंते ती तासातासाने पुरवून वापरतात. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली भरलेल्या जलाशयाला खालून बोगद्याचं तोंड फोडलं, ते ‘लेक टॅपिंग’ अनेकांना आठवत असेल. २०१२ साली ते पुन्हा केलं. जलाशयाची पातळी खाली गेली तरी पाणी उचलता यावं, हा त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

सह्याद्रीच्या या कड्याची ताकद ओळखली गेली ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. मुंबईच्या गिरण्यांना धुराशिवाय वीज मिळावी म्हणून टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवता तलावांचं पाणी घाटाखाली उतरवलं आणि १९१५ साली खोपोलीचं वीजगृह सुरू झालं. मग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. भिऱ्याच्या विजेमागे मुळशीचं धरण आहे आणि त्या धरणाखाली मावळ्यांची शेतं गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरीही धरण झालं. हे पाणी मुळात भीमेमार्गे कृष्णेला जाणारं, पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांचं. कड्यावरून उतरलं की ते अरबी समुद्राकडे जातं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करणारी मंडळी याच भिऱ्याच्या पाण्यावर तरंगत असतात. पूर्वेकडचा शेतकरी या पाण्याचा हिशेब मागतो तेव्हा तो रास्तच असतो, असं मला वाटतं.

वारा आणि ऊन यांचं वेळापत्रक आणखी वेगळं. साताऱ्यातलं वनकुसवडेचं पठार असो की धुळ्यातलं ब्राह्मणवेल, पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळा. उसाच्या चिपाडावर साखर कारखाने जी वीज करतात ती गळीत हंगामात, म्हणजे पाऊस सरल्यावर. सूर्य वर्षभर येतो, पण सहा वाजता घरी जातो.

तरीही शेतीसाठी सौर वीज हा मला गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत शहाणपणाचा बदल वाटतो. आठवड्यातून काही दिवस रात्रीची लाइट, ही गावाकडची जुनी जखम आहे. थंडीत मध्यरात्री उठून, विंचूकाट्याची आणि बिबट्याची भीती घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, कारण दिवसाची वीज शहराला आणि कारखान्यांना लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर पॅनेल लावून कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, दिवसा चालवायच्या आहेत. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा पुरते. वीज जिथे लागते तिथेच तयार होते, त्यामुळे लांबच्या तारांमधली गळतीही वाचते. शिवाय पिकाला पाणी सकाळी अकराला दिलं काय आणि दुपारी दोनला दिलं काय, फारसं बिघडत नाही. सूर्याच्या वेळेशी इतकं सहज जुळवून घेणारा दुसरा ग्राहक नाही.

घरांचं तसं नाही. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे? त्याचं एक उत्तर अकोले तालुक्यात घाटघरला आहे. इथे प्रवरेच्या उगमाजवळ एक तलाव कड्यावर आणि दुसरा चारशेहून अधिक मीटर खाली, शहापूर तालुक्यात चोंढ्याला. २००८पासून इथली १२५ मेगावॅटची दोन यंत्रं दोन्ही दिशांना फिरतात. वीज हवी तेव्हा पाणी खाली सोडतात आणि वीज फाजील असते तेव्हा तीच यंत्रं पंप होऊन पाणी वर चढवतात. या ये-जा करण्यात चार युनिटं घालून सुमारे तीन परत मिळतात. पंपासाठी पूर्वीची स्वस्त वीज रात्रीची, कोळशाची होती. सौर वीज वाढेल तसतशी ती वेळ भर दुपारी सरकते आहे.

अशा उदंचन प्रकल्पांसाठी कड्यावरच्या आणखी बऱ्याच जागा पाहिल्या जात आहेत. त्यांना नदी अडवणारं विशाल धरण लागत नाही. तेच पाणी वर-खाली फिरतं, म्हणून बुडीत क्षेत्रही कमी असतं. पण या जागा महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर वाड्यांच्या आहेत, दाट जंगलाच्या आहेत. नकाशावर वरचं तळं आखण्याआधी त्या वाड्यांमध्ये बसून बोलावं लागेल, आणि मुळशीत घेतलं गेलं नाही ते त्यांचं ‘नाही’ही ऐकून घ्यावं लागेल.