गप्प बसलेली जोडणी का तुटते?

पुट्टी या प्रोग्राममधून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं, थोडं काम करायचं आणि विंडो तशीच उघडी ठेवून जेवायला जायचं. परत येऊन एंटर दाबला की स्क्रीन ढिम्म हलत नाही आणि थोड्या वेळाने 'नेटवर्क एरर'ची चौकट उगवते. आपण नेटला शिव्या घालतो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

असं लॉगिन टीसीपी या नियमांनी बांधलेल्या जोडणीवर चालतं. ही टीसीपी जोडणी म्हणजे काही ताणून बांधलेली तार नव्हे. दोन्ही टोकांच्या मेमरीत समोरच्याचा पत्ता, पोर्ट आणि कितव्या बाइटपर्यंत मजल गेली याची नोंद असते, तीच जोडणी. कुणी काही पाठवलं नाही, तर ती दिवसचे दिवस टिकते. वाटेतल्या एखाद्या स्विचची केबल तासभर काढून परत लावली, तरी त्या तासात दोघंही गप्प असतील तर कुणाला पत्ताही लागत नाही.

घोळ होतो तो मधल्या मंडळींमुळे. राउटरमधला नॅट अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो, त्यासाठी प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि हालचाल दिसली नाही की ती पुसून टाकतो. इंटरनेटच्या नियमांचा 2008 सालचा दस्तऐवज, आरएफसी 5382, सांगतो, की ही मुदत 2 तास 4 मिनिटांपेक्षा कमी नसावी. पाळतं कोण? ॲमेझॉनच्या क्लाउडमधला नॅट गेटवे 350 सेकंदांतच नोंद पुसतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या सिस्टीमच्या गाभ्यात, मात्र हीच मुदत मुळात 5 दिवसांची आहे. तुमच्या वाटेत कोण बसलंय, हे तुम्हाला सहसा कळत नाही.

पुट्टीच्या सेटिंगमधल्या 'कनेक्शन' पानावर कीपअलाइव्हच्या, म्हणजे जोडणी जागी ठेवणाऱ्या संदेशांच्या, सेकंदांचा रकाना असतो. त्यात मुळात 0 असतो, म्हणजे सोय बंद. तिथे 60 लिहिलं, की शांततेतही दर मिनिटाला एक निरर्थक संदेश जातो. सर्व्हर तो फेकून देतो, पण वाटेतल्या नोंदीचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मग 'सेशन' पानावर जाऊन सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर उद्या पुन्हा 0.

'कनेक्शन' पानावरच टीसीपी कीपअलाइव्हची चौकटही आहे. अनेकजण तिच्यावर टिक करून निर्धास्त होतात. पण तिची वेळ ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि ती सहसा 2 तासांची असते. 350 सेकंदांत विसरणाऱ्यापुढे तिचा काय उपयोग?

याची दुसरी बाजू पुट्टीच्या मॅन्युअलमध्येच लिहिली आहे : नेट अधूनमधून जात असेल, तर कीपअलाइव्हमुळेच जोडणी तुटू शकते. गप्प बसली असती तर वाचली असती. ओपनएसएसएच या दूरच्या लॉगिनच्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये हे हिशेबाने दिसतं. 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल', म्हणजे दोन हाकांमधले सेकंद, 60 ठेवलं आणि लागोपाठ तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर क्लायंट साधारण तीन मिनिटांत स्वतःच जोडणी तोडतो. बोरघाटातल्या बोगद्यांतून जाताना रेंज येत-जात असते, तेव्हा तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स', म्हणजे किती हाका वाया जाऊ द्यायच्या तो आकडा, 10 केलं, तर दहाएक मिनिटांची सवड मिळते.

रात्रभर चालणारं काम असेल, तर मी या आकड्यांच्या भरवशावर राहत नाही. सर्व्हरवर आधी टीमक्स हा प्रोग्राम सुरू करावा आणि त्यात कमांड द्यावी. जोडणी तुटली तरी प्रोग्राम तिकडे चालत राहतो. सकाळी लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' म्हटलं, की तोच स्क्रीन पुढ्यात येतो.