ईम: वेस बंद करणारं गाव

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात ईम हे छोटं गाव आहे. चर्चच्या आवारातला दगडी क्रूस आठव्या शतकातला, म्हणजे वस्ती जुनीच. आसपास शिशाच्या खाणी होत्या. पण गाव ओळखलं जातं ते १६६५-६६च्या प्लेगमुळे.

लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं, तेव्हा ईमच्या शिंप्याकडे तिथून कापडाचं गाठोडं आलं. कापड दमट निघालं म्हणून शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स याने ते शेकोटीपुढे वाळत घातलं, असं गावात सांगत आले आहेत. ७ सप्टेंबरला विकर्स दगावला. कापडात पिसवा असाव्यात, असं आज मानतात. तेव्हा ते कुणाला कळणार? पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते १८९८ मध्ये, कराचीत, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात.

हिवाळ्यात मंदावलेली साथ १६६६च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली. गावच्या चर्चचे तरुण रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, विल्यम माँपेसन यांनी ठरवलं, की गावाबाहेर कुणी जायचं नाही. पण ते नवखे. गावाचा विश्वास होता थॉमस स्टॅन्ली यांच्यावर. सरकारमान्य प्रार्थनापद्धती न स्वीकारल्यामुळे स्टॅन्लींना १६६२ मध्ये चर्चमधून बाहेर पडावं लागलं होतं. आपल्याच जागी आलेल्या माणसाच्या बाजूने ते उभे राहिले आणि गाव तयार झालं. कौतुक बहुतेक माँपेसन यांच्या वाट्याला येतं. स्टॅन्लींचं ऋण मला तितकंच मोठं वाटतं.

प्रार्थना चर्चऐवजी उघड्या घळीत होऊ लागल्या, माणसं अंतर राखून उभी राहत. वेशीवरच्या दगडाला खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची; बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे घेऊन जात. ते खळगे आजही दिसतात.

एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली. सातही जणांना तिने घराजवळच्या शेतात स्वतः पुरलं. नोव्हेंबरपर्यंत गावात सुमारे २६० माणसं गेली. वेस बंद केल्याने गावातले मृत्यू वाढले असतील, असंही काही अभ्यासक म्हणतात. तरीही शेजारच्या गावांना वाचवण्यासाठी या लोकांनी जे सोसलं, त्याचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही.

माँपेसन यांनी मुलांना आधीच बाहेर पाठवलं होतं. पत्नी कॅथरीन मात्र मागे राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्याच घळीत प्रार्थनेला जमतं आणि तिच्या कबरीवर फुलं वाहिली जातात.