कोपरावर गुळाचे दोन रवे

रविवारी सकाळी भाचीच्या सॉफ्टबॉलच्या सरावाला गेलो होतो. वय १३, शाळेच्या संघात पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. बसल्या बसल्या चाळा म्हणून खिशात चिंचोके ठेवले होते. तिनं एक चेंडू टाकला की मी एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचो. साडेआठला सराव संपला तेव्हा डाव्या खिशात ११८ भरले. शेवटच्या तीसेक चेंडूंना पोरगी मधेच हात झटकत होती. सर म्हणाले, "हात तापलाय तवर टाकून घे. तापल्या हातानंच ताकद येती."

हे आपल्याकडच्या तालमीतलं तत्त्वज्ञान. आज शंभर जोर, पुढच्या महिन्यात दीडशे. स्नायूपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. स्नायूला रक्त भरपूर मिळतं. आज थकला तरी खुराक आणि झोप मिळाली की परवा जास्त दमदार होऊन उभा राहतो. पण फेकणाऱ्याच्या कोपरात जे तुटतं ते बहुतेक वेळा स्नायू नसतंच.

पोतराजाचा आसूड आठवा. मुठीकडं जाड, टोकाला बारीक. मुठीतली ऊर्जा पुढं हलक्या हलक्या भागात जाते, म्हणून टोकाचा वेग वाढत वाढत शेवटी फटकन आवाज येतो. खांद्यावरून केलेली फेकही अशीच: पाय, कंबर, छाती, खांदा, कोपर, बोटं. यातला एक क्षण मला फार आवडतो. छाती पुढं वळलेली असते आणि पंजा अजून मागंच राहिलेला असतो. त्या क्षणी दंड स्वतःभोवती मागं पिळला जातो आणि खांद्याभोवतीचे स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) बेचकीच्या रबरासारखे ताणतात. मग रबर सुटतं. अव्वल बेसबॉल पिचरचा दंड तेव्हा स्वतःभोवती सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगानं फिरतो. तोच वेग टिकला असता तर सेकंदाला १९ फेऱ्या झाल्या असत्या. घरातला पंखा फुल केला तरी सहाच्या आसपास होतात. ही बेचकी आपल्या पूर्वजांत सुमारे २० लाख वर्षांपूर्वी जमून आली, असं २०१३ सालच्या एका अभ्यासानं मांडलं. चिंपांझी अंगानं आपल्यापेक्षा दणकट, पण फेकताना ताशी तीसेक किलोमीटरवरच अडकतो.

आता या बेचकीचं बिल कोण भरतं ते बघू. पंजा मागं राहिला की कोपराची आतली, म्हणजे करंगळीकडची बाजू उघडू पाहते. तिथं दंडाच्या हाडाला हाताच्या हाडाशी बांधणारा एक छोटा पट्टा आहे, अल्नर कोलॅटरल लिगामेंट. प्रौढ पिचरच्या कोपरावर त्या क्षणी सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. कोपरापासून तळव्यापर्यंत ३२ सेंटिमीटर धरले, तर ६४ भागिले ०.३२, म्हणजे २०० न्यूटन, म्हणजेच वीसेक किलोचा भार. शपथ घेताना धरतात तसा हात धरा, पंजाला दोरी बांधा, ती मागं कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला मार्केट यार्डातले दहा-दहा किलोचे गुळाचे दोन रवे टांगा. आता हात मागं जाऊ द्यायचा नाही. हे दर चेंडूला.

आणि मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा पट्टा एकटा ३२ ते ३५ न्यूटन-मीटरच्या आसपासच तुटतो! मग पहिल्याच चेंडूला का तुटत नाही? कारण उरलेला रवा मनगट आणि बोटं वाकवणारे स्नायू उचलतात. ते थकले की त्यांचा वाटा निमूटपणे पट्ट्यावर येतो. तापला हात तो हाच. शस्त्रक्रियेची पाळी आलेल्या किशोर पिचरांची धडधाकट पिचरांशी तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली झाला. त्यात थकल्या हातानं नेहमी टाकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली, तर वर्षात आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांत ५ पट.

लहान वयात गोष्ट आणखी नाजूक. हाड जिथं वाढतं ती ग्रोथ प्लेट कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते, पट्ट्याहूनही कच्ची. त्यामुळं पट्टा टिकतो आणि हाडाचा कोपरा ओढला जातो.

"पण सॉफ्टबॉल खालून टाकतात, त्याला काय होतंय?" असं सर म्हणालेच. खालून टाकलेला चेंडू म्हणजे गोफण. शाळूच्या रानात पाखरं हाकताना गोफणीची दोरी हाताला कशी ओढते ते ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. इथं दोरी म्हणजे आपलाच हात, आणि चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. अव्वल पिचर मुलींवरच्या मोजमापांत खांद्यावरची ही ओढ शरीराच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास गेली. ती थोपवण्यात दंडाची बेटकुळी भरडून निघते. भाचीला दुखत होतं तेही तिथंच, खांद्याच्या पुढच्या बाजूला.

घरी आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या काकांनी शीर चढलीय म्हणून हात ओढून बसवणाऱ्याचा पत्ता दिला. दृष्टीनं निदान मिठाचंच नुकसान होतं. वाढत्या हाडाला झटका देणाऱ्याकडं मात्र पोरांना नेऊ नका. मोबाइलवरच्या रीलही याच पंक्तीतल्या: जड चेंडू फेका, वेग वाढवा. २०१८ च्या एका अभ्यासात सहा आठवड्यांत किशोरांचा वेग ३ टक्क्यांच्या आसपास वाढला खरा, पण जड चेंडूवाल्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. 'ऑपरेशन करून घेतलं की हात आणखी जोरात चालतो' हीसुद्धा थापच. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉल पिचरच्या डाव्या कोपरात तुटलेल्या पट्ट्याच्या जागी उजव्या हाताची कंडरा बसवली. तो १९७६ ला परतला आणि १९८९ पर्यंत खेळला, पण परतायला दीड वर्षाची मेहनत लागली.

अमेरिकेत बेसबॉलला १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९५ चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर पुढं चार दिवस सुट्टी. सॉफ्टबॉलमध्ये असं मोजायची पद्धत फारशी नाही. गंमत म्हणजे तालमीतल्या बैठका इथं कामाच्या: आसूड मुठीकडून, म्हणजे पायांकडून सुटतो. पाय-कंबर ढिली पडली की खांद्याला जास्तीचं ओढावं लागतं. वाढीव पन्नास चेंडूंपेक्षा पन्नास बैठका बऱ्या.

पुढच्या रविवारी मी सरांच्या हातात साठ चिंचोके मोजून दिले. त्यांनी ते मुठीत खुळखुळवले.

"आणि मॅच एकसष्टाव्या चेंडूवर अडकली तर?"

"दुसरी पिचर आणायची."

सरांनी मैदानावरच्या अकरा पोरींकडं एकदा बघितलं, आणि चिंचोके खिशात टाकले.