ईसीजी काढताना छाती उघडी ठेवावीच लागते का?

‘ईसीजीला छाती शेवटपर्यंत उघडीच लागते, आलेखाची कागदी पट्टी निघेपर्यंत चादर चालत नाही’ हा समज चुकीचा आहे. त्यापायी अनेक बायका ही तपासणी टाळतात, आणि छातीत दुखत असताना ते जिवावर बेतू शकतं.

यंत्राला इलेक्ट्रोड (तारांना जोडलेल्या, त्वचेवर लावायच्या चकत्या) त्वचेला नीट चिकटलेले हवेत, एवढंच. ते 10 असतात: 4 मनगटांना-घोट्यांना, 6 छातीवर. छातीवरचे लावताना ब्रा काढावी लागते, हे खरं. पण एकदा लागले की वरून चादर घालता येते. आलेखात काही फरक पडत नाही. उलट थंडीने किंवा संकोचाने अंग थरथरलं तर स्नायूंच्या हालचालीने रेषा खडबडीत येते.

संकोचापोटी खरी चूक होते ती छातीवरच्या इलेक्ट्रोडच्या जागेत. पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडालगत हवेत. ते वर सरकले, तर जुन्या हार्ट अटॅकचा खोटा भास होऊ शकतो. चौथा पाचव्या बरगडीखालच्या फटीत, सहसा स्तनाखाली लागतो. तपासणाऱ्याने स्तन हाताच्या मागच्या बाजूने उचलावा, आधी सांगून.

जाताना पुढून उघडणारा कुर्ता किंवा ब्लाउज घाला. पडदा लावायला सांगा. पुरुष तपासणार असेल तर सोबत बाई हवी, असं स्पष्ट म्हणा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत ते आहे.