रोड रेस आणि टाइम ट्रायल: एकच सायकलपटू, दोन वेगळे खेळ

टोकियो ऑलिंपिक, २५ जुलै २०२१. फुजी स्पीडवेवर अंतिम रेषा ओलांडताना नेदरलँड्सच्या आनेमीक फान फ्लूटनने दोन्ही हात वर केले. आपणच जिंकलो असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती. ही रोड रेस. तीनच दिवसांनी फान फ्लूटनने टाइम ट्रायलचं सुवर्ण तब्बल ५६ सेकंदांच्या फरकाने जिंकलं. या दोन्हींना नुसतं ‘सायकलिंग’ म्हणून मोकळं होणं मला खटकतं.

रोड रेसमध्ये सगळ्या एकदम सुटतात आणि आधी पोचेल ती जिंकते. लढाई असते वाऱ्याशी. पुढचीच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं, की वारा ती कापते आणि आपले पाय वाचतात. म्हणून तर घोळका, संघ, डावपेच. म्हणूनच सगळ्यांत ताकदवान बाई हरूही शकते. कीझनहोफर सुरुवातीलाच काही जणींबरोबर निसटली आणि शेवटचे सुमारे ४० किलोमीटर एकटीने रेटले. ऑलिंपिकमध्ये, पुढे कोण आहे हे संघाकडून कळवणारा, कानातला रेडिओ नसतो. पुढे अजून कुणीतरी आहे, हे मागच्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. याला नशीब म्हणणं मला अजिबात पटत नाही. इतका वेळ एकटीने वारा अंगावर घेणं सोपं नसतं.

टाइम ट्रायलमध्ये एकेकीला ठरावीक अंतराने सोडतात. पुढची दिसली तरी तिचा आडोसा घ्यायला मनाई. सायकलही वेगळी: हँडलवर पुढे आलेल्या दांड्या, त्यांवर कोपरं टेकलेली, पाठ जवळजवळ आडवी, मागचं चाक सपाट तबकडीसारखं. टोकियोत २२.१ किलोमीटर फान फ्लूटनने ३० मिनिटं १३ सेकंदांत कापले.

२०२३ मध्ये निवृत्त झालेल्या फान फ्लूटनने दोन्ही प्रकारांत प्रत्येकी दोनदा जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यातलं २०२२ चं, ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगचं, माझं सर्वांत आवडतं. काही दिवस आधी, मिश्र सांघिक टाइम ट्रायलमध्ये सुटल्यासुटल्या ती पडली आणि कोपराचं हाड मोडलं. त्या हातावर भार टाकून पेडलवर उभं राहणं अशक्य. टाइम ट्रायल असती, तर तिथेच सगळं संपलं असतं. पण ही रोड रेस होती. चढांवर मागे पडत, पुन्हा घोळका गाठत ती टिकून राहिली आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये, बसल्या बसल्याच, सगळ्यांच्या मागून झेपावली. कुणी सावरायच्या आत ती रेषेपार होती.